सहा खाचांची पट्टी

बोलण्यावर माझं घर चालतं. त्यामुळे कुणालाच सांगितली नाही अशी गोष्ट माझ्याजवळ टिकत नाही. जे घडेल ते आठवड्याच्या आत तिखटमीठ लावून चार ठिकाणी सांगून मी मोकळा होतो. माझं मूळव्याधीचं ऑपरेशन, चुकीच्या मांडवात आहेर करून जेवून आलेले माझे सासरे, बायकोने भर बाजारात धरलेला माझा कान — सगळं सांगून झालंय. एकच गोष्ट सहा वर्षं आत राहिली. बायकोला नाही, मुलीला नाही, कुणालाच नाही. आणि गंमत बघा — ती गोष्ट मी रोज संध्याकाळी वीस-पंचवीस माणसांसमोर सांगतो. रोज. फक्त तिच्यात माझा जो भाग आहे, तेवढा वगळून.

तो आज सांगतो. मला सरळ सांगता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या. आधी जागा दाखवतो. बसा असे, इथे, वेताच्या खुर्चीत.

महाबळेश्वरच्या वाटेवर, घाट निम्माअधिक चढून झाला की डाव्या हाताला काळ्या दगडाची एक लांबलचक बैठी इमारत दिसते. दिसते म्हणजे धुकं नसेल तर. कैक वर्षं तो सरकारी दवाखाना होता. डोंगरातल्या सगळ्या वाड्यांची माणसं इथे यायची, काही पायांवर, काही झोळीत. मग दवाखाना खाली एसटी स्टँडजवळच्या नव्या इमारतीत गेला आणि ही बंद पडली. छपरावर शेवाळ, आत वटवाघळं. पुढे एका कंपनीने ती सरकारकडून भाड्याने घेतली आणि तिचं हॉटेल केलं. साधंसुधं नाही हं. बाळंतिणींच्या वॉर्डात आता चार स्वीट आहेत, प्रत्येकात पितळी पायांचा टब. ऑपरेशनच्या खोलीत मसाज. मागे झाडाखाली जी एकटी खोली आहे तिथे वाइन ठेवतात, कारण ती बारा महिने थंड असते. ती कशासाठी थंड ठेवलेली खोली होती, ते पाहुण्यांना सांगत नाहीत. गावातली म्हातारी माणसं अजून तिच्याकडे बोट दाखवत नाहीत, नुसती हनुवटी हलवतात.

आणि ही समोरची खिडकी. कमानीची, दगडी कठडा झिजून मध्ये खोलगट झालेला. शेकडो हात टेकून टेकून. ही औषधाची खिडकी. आता तो बार आहे. आत पुन्हा बाटल्याच, फक्त दिवे चांगले.

पावसाळ्यात या भिंती वास सोडतात. टिंक्चरचा, फिनेलचा, आणि आणखी एक, ज्याला नाव नाही. तीनदा गिलावा करून झाला. शेवटी गवती चहाचं तेल जाळायला लागले. पाहुणे म्हणतात, किती छान वास आहे. मी म्हणतो, हो ना.

मी मूळचा सांगलीचा. सांगलीत ज्याने आयुष्यात एकदाही तोंडाला रंग लावला नाही असा माणूस सापडायला वेळ लागतो, आणि मी तर दर वर्षी स्पर्धेचं नाटक करणाऱ्यांतला. पुढे साताऱ्यात शाळेत मराठी शिकवलं, पन्नाशीला स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रिकामा बसलो. हॉटेल सुरू होत होतं तेव्हा त्यांचा मॅनेजर — आदित्य, चांगला पोरगा, टाय लावलेला — मला भेटला. म्हणाला, "सर, गेस्टना बिल्डिंगची स्टोरी हवी असते. थोडी हॉन्टेड, पण क्लासी." असं काम माणसाला आयुष्यात एकदा सांगून येतं. आनंदाच्या भरात मी त्या रात्री जेवलोच नाही.

दुरुस्ती चालू असताना गवंड्यांना भिंतीतल्या कोनाड्यात एक बाटली सापडली होती. काचेची, हिरवट, आत काहीतरी वाळून तपकिरी झालेलं. आणि बाजूला उभी चिकटवलेली कागदाची पट्टी, एका कडेला सहा खाचा असलेली. तुमच्या घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर विचारा, ते सांगतील. त्या काळी औषधाची बाटली आपण घरून न्यायची, खिडकीवर ठेवायची. कंपाउंडर आतून ती भरायचा आणि खळीने ही पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळायचं, किती प्यायचं. अंगाला चोळायच्या जहाल औषधाच्या बाटलीला मात्र पट्टी नसायची. पट्टी असली की प्यायचं, नसली की चोळायचं. सगळ्या डोंगराला एवढं एक शास्त्र पाठ होतं.

बस. मला तेवढंच पुरलं.

मी गोष्ट रचली. मेंढरं घेऊन फिरणारा एक तळ, पूर्वेकडच्या कोरड्या भागातला, डोंगराच्या पायथ्याशी उतरलेला. त्यातली एक बाई, मायाक्का, आठ दिवसांची बाळंतीण. अंगात ताप, कमरेत कळ. नवरा दोन बाटल्या घेऊन खिडकीशी आला, एक प्यायची, एक चोळायची. संध्याकाळची वेळ, धुकं आत शिरलेलं, कंपाउंडरने पट्टी कापली आणि — चुकीच्या बाटलीला चिकटवली. मायाक्काने चोळायचं औषध सहा खाचांनी, वेळच्या वेळी, विश्वासाने पिऊन संपवलं. तेव्हापासून धुकं उतरलं की खिडकीत कात्रीचा आवाज येतो. कंपाउंडर अजून पट्टी कापतोय. बरोबर पट्टी.

ही कात्री माझ्या झब्ब्याच्या खिशात असते. मी बोटांनी हळूच वाजवतो. बारवाला सचिन दोरीने खिडकीचं दार ओढतो, ते करकरत मिटतं. काखेत माझं लाल फडक्यात बांधलेलं दप्तर असतं. "दवाखान्याचं जुनं दप्तर", असं मी म्हणतो. त्यात मुलीच्या दहावीच्या गाइडची पानं आहेत. आणि शो झाल्यावर पाहुणे खोलीत गेले की एखाद्या उशीखाली त्यांना खाचांची पट्टी सापडते. ती दुपारी मीच ठेवलेली असते. काय किंचाळतात म्हणून सांगू. सकाळी नाश्त्याला माझ्याशी हात मिळवायला रांग.

मेंढपाळ बाईच का घेतली? ते मात्र मी विचार करून घेतलं होतं. गावातली बाई घेतली असती तर कुणीतरी म्हणालं असतं, आमच्यात अशी कुणी गेली नाही. तळ हलला की मागे चुलीचे तीन दगड राहतात. विचारायला कोण येणार होतं?

आणि कंपाउंडरला नाव हवं होतं. ते मी शोधलं नाही, ते तिथेच पडलेलं होतं. गळक्या कपाटात हजेरीपत्रकाचं एक भिजून फुगलेलं पान होतं, त्यावर गोल, सुरेख अक्षरात सही. भूपाल, कंपाउंडर. एवढी जुनी शाई, माणूस कुठला असायला? मी ते उचललं. नाव उच्चारून बघा एकदा. "आणि खिडकीच्या आत उभा होता —" इथे थांबायचं, दोन क्षण, त्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही — "भूपाल." नाव कसं बसतं बघा. दुसरं कुठलंच असं बसत नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही. कसं झालं ते सांगतोय.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग तो श्रावणातला दिवस आला.

धुकं इतकं होतं की वऱ्हांड्यातले खांब एकाआड एक दिसत होते. मी उशिरा पोचलो, खाली रस्त्यावर दरड आली होती. खुर्च्या भरलेल्या. आदित्य घाईत एवढंच म्हणाला की सांगलीकडच्या एक बाई वडिलांना घेऊन आल्यात, वडिलांना इमारत बघायची होती, बसवलंय मागे. मी म्हटलं, बरं. कंदील घेतला आणि सुरू झालो.

त्या संध्याकाळी माझा आवाज लागला होता. कधीकधी लागतो तसा. माणसं मुठीत आली की कळतं, अंगाला कळतं. मी दोन बाटल्यांपाशी आलो तेव्हा शेवटच्या रांगेत, खांबाला लागून, चाकाच्या खुर्चीत एक म्हातारा दिसला. पांढरी टोपी, अंगात कोट, मांडीवर शाल. त्याच्यापुढे चहाचा रिकामा कप होता आणि हातात कागदी रुमाल.

तो रुमाल त्याने लांबट फाडला. मग त्याच्या घड्या घातल्या. बघून नाही, तो माझ्याकडे बघत होता. बोटं आपली आपण चालली होती. आधी तीन पदर, मग ते मधून दुमडून सहा. अंगठ्याच्या नखाने कडेला एकच चिमटा काढला. आणि उलगडलं.

सहा खाचा. एकसारख्या.

मी स्वतः पट्ट्या करतो म्हणून सांगतो, मला एकेक खाच कापावी लागते आणि तरी त्या वाकड्या येतात. अशा घड्या घालणारं माणूस जगात किती ठिकाणी असेल? आणि त्यातलं या खिडकीसमोर येऊन का बसेल?

मला कळलं. संशय नाही आला — कळलं. ज्याला मी अडीच वर्षं रोज मारत होतो तो माझ्यासमोर बसून माझी गोष्ट ऐकत होता, आणि पुढे काय होणार म्हणून किंचित वाकला होता.

इथपर्यंत मी कंपाउंडरचं नाव घेतलेलं नव्हतं. हे नीट लक्षात घ्या. नाव दोन वाक्यांवर होतं. मी रामभाऊ म्हणू शकत होतो. गणपत म्हणू शकत होतो. नुसतं 'कंपाउंडर' म्हणून पुढे गेलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. मी नेहमीसारखा थांबलो. दोन क्षण. ते दोन क्षण मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे. वीस माणसं श्वास धरून बसली होती, आणि ती शांतता — कशी सांगू तुम्हाला — ती इतकी भरलेली होती की ती वाया घालवणं मला जमलं नाही.

मी म्हणालो, "भूपाल."

म्हाताऱ्याचा हात थांबला.

मग मी पुढचं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. उलट त्या दिवशी एक भर घातली. शेवटी कंदील उचलून मी मागच्या खांबाकडे हात केला आणि म्हणालो, "काही लोक म्हणतात, तो अजून इथे येऊन बसतो." सगळ्यांनी वळून पाहिलं. धुक्यात पांढरी टोपी दिसली आणि दोन बायका किंचाळल्या. सचिनने दार मिटलं. इतक्या टाळ्या मला राज्य नाट्यस्पर्धेतही पडल्या नव्हत्या.

टाळ्या थांबल्यावर त्याची मुलगी खुर्ची ढकलत पुढे आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, चेहरा तापलेला. त्रिशलाक्का तिचं नाव, सांगलीजवळ माधवनगरला राहते, नवरा तिथल्या गिरणीत होता. हे सगळं नंतर कळलं. म्हातारा माझ्याकडे वर बघून हसला.

"मास्तर, लय झ्याक सांगितलं बघा," तो म्हणाला. "ते दप्तर तुमी सोता वाचलंय?"

मी म्हटलं, हो.

"त्यात माजं नाव हाय?"

आदित्य मध्येच ओरडला, "म्हणजे काका, ते तुम्हीच?" लगेच मोबाईल निघाले. भुताबरोबर फोटो. दोघा-तिघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून काढून घेतले, आणि तो बिचारा नीट टोपी सारखी करून त्यांच्याबरोबर बसला. मग गर्दी बारकडे गेल्यावर तो पुन्हा माझ्याकडे वळला.

"मला आठवत न्हाई," तो हळू म्हणाला. "एवढी मोठी गोष्ट, आन मला आठवंना. माजा हात चुकायचा न्हाई कदी. पर दप्तरात असंल तर असंल. मानूस इसरतंय, कागूद इसरत न्हाई."

बघा, हा माणूस सगळी नोकरी सरकारी कागदावर सह्या करण्यात घालवलेला. स्वतःच्या डोक्यापेक्षा लाल फडक्यावर त्याचा विश्वास जास्त होता. आणि तो जैन. सांगलीकडचा, शेतकरी घरातला. दिवस बुडाल्यावर अन्नाला हात न लावणारा, का, तर दिव्यावर येणारा एखादा किडा मरू नये. म्हणून चहा आधीच पिऊन घेतला होता. त्या माणसाला मी सांगितलं होतं की तुझ्या हातून एक बाळंतीण मेली.

त्रिशलाक्काने माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं. "आण्णा, सोडा वं. गोष्ट हाय ती, लोकांसाटी," ती म्हणाली, आणि मग मला, "गोष्टच हाय न्हवं, सर?"

तिने मला सुटकेचं दार उघडून धरलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर. आदित्य बाजूला उभा होता, एक बाई अजून मोबाईल धरून होती, काखेत माझं दप्तर होतं. त्यांच्यासमोर मी खोटा ठरलो असतो. जास्तीत जास्त काय झालं असतं? हसले असते. मी आयुष्यभर लोकांना हसवत आलोय, त्यात नवीन काय होतं?

मी म्हणालो, "नाही ताई. दप्तरात आहे."

म्हाताऱ्याने मान हलवली. विचारलं, बाईचं गाव कुठलं. आणि मी गावही दिलं. थांबलो नाही, अडखळलो नाही. सांगलीच्या स्टँडवर एका एसटीच्या पाटीवर वाचलेलं, कवठे महांकाळच्या पलीकडचं एक गाव ठोकून दिलं. त्याने दोनदा ते तोंडात म्हणून घेतलं. मग कागदाची पट्टी घडी करून कोटाच्या खिशात ठेवली आणि दोघं धुक्यात गाडीकडे गेली. चाकाचा आवाज बराच वेळ येत राहिला. गाडी गेल्यावरही, असं मला वाटलं.

घरी गेलो. जेवलो. बायकोला सांगितलं, आज लई रंगला.

पंधरा दिवसांनी फोन आला. त्रिशलाक्का. आण्णा मीठ खाईनासे झालेत, म्हणाली. गोड सोडलंय. सकाळी आंघोळ झाली की कात्री आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन बसतात आणि पट्ट्या कापतात. दिवस मावळेपर्यंत. प्रत्येक पट्टीच्या खाचा मोजतात, बाजूला ठेवतात, दुसरी घेतात. विचारलं तर म्हणतात, कुठली लावली ते बघतोय. "सर, त्या कागदाचा फोटू पाठवता का? त्येंच्या डोळ्यानं बघितलं म्हंजे मन शांत हुईल." मी म्हटलं, सरकारी कागद आहे ताई, फोटो काढायला परवानगी नाही. तीही सरकारी माणसाची मुलगी. तिला पटलं.

भाद्रपदात जैनांचं पर्व असतं, त्यानंतर क्षमेचा दिवस. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. त्या दिवशी म्हातारा म्हणाला, गाडी काढा. मायाक्काच्या घरी जायचं. मी एसटीच्या पाटीवरून दिलेल्या गावाला.

मी त्या दिवशी हॉटेलात होतो. मला वाटत होतं, ते गाव फिरतील, कुणी भेटणार नाही, म्हातारा समजून जाईल, प्रकरण मिटेल. मला हायसं वाटत होतं, खरं सांगतो. आणि संध्याकाळी फोन आला.

"सर, सापडलं घर."

मी विचारलं, कुठलं घर?

तिने जे सांगितलं ते तसंच सांगतो, माझ्या पदरचं काही नाही. गावाच्या कडेला मेंढपाळांची तीन घरं होती. पावसाळा, म्हणून मेंढरं आणि माणसं दोन्ही गावात. साठीचा एक माणूस पुढे आला, बिरू नावाचा. म्हाताऱ्याने त्याला विचारलं, मायाक्का नावाची कुणी बाई डोंगरातल्या दवाखान्यात गेली का? त्याने हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "माजी आई. मी तवा आठ दिसांचा हुतो."

आठ दिवसांचा. हे आठ दिवस कुठून आले? ते माझे होते. मी घातले होते, वाक्याला वजन यावं म्हणून.

म्हातारा खुर्चीतून उतरला, चिखलात गुडघे टेकून त्याने बिरूचे पाय धरले आणि सांगितलं, पट्टी मी चुकीची लावली. बिरूने त्याला उचललं. म्हणाला, "आवं, तुमी थोरली मानसं, पाया नगा पडू. आमाला वाटलं देवानं न्हेली." त्याने वाटीभर दूध आणलं, सूर्याकडे बघितलं आणि म्हणाला, दिवस बुडायच्या आत घ्या, तुमचं असतंय तसं. म्हातारा दूध प्यायला. येताना गाडीत झोपला. कितीतरी दिवसांनी झोपला.

"तुमच्यामुळं घडलं, सर," त्रिशलाक्का म्हणाली. "आण्णांचं ओझं उतरलं. तुमचे उपकार हायत."

आणि मी म्हणालो, "त्यात काय, ताई."

फोन ठेवला तेव्हा वऱ्हांड्यात कुणी नव्हतं. खिडकी मिटलेली होती. कात्री खुंटीवरच्या झब्ब्यात होती आणि मी झब्ब्यापासून दहा पावलं लांब होतो. ती वाजत होती. उंदीर असेल. दगडी इमारतीत उंदीर असतातच.

तेव्हापासून मी हिशेब मांडत आलो. त्या भागात घरटी एक मायाक्का असते. त्या काळी बाळंतिणी जायच्याच. तळ डोंगराकडे यायचे. तर जमून येऊ शकतं, नाही? किंवा मी हे कुठेतरी ऐकलं असेल, गवंड्याकडून, चहाच्या टपरीवर, आणि विसरलो असेन. मग गोष्ट खरीच होती, मी फक्त तोंड होतो. किती सोयीचं आहे बघा. पण मला ठाऊक आहे मी काय केलं ते. ज्या क्षणी मी 'दप्तरात आहे' म्हणालो त्या क्षणी दप्तरात दहावीच्या गाइडची पानं होती. आणि बिरूची आई खरोखर या दवाखान्यात गेली असेल, तापाने, रक्त जाऊन, कशानेही, तर साठ वर्षं त्याच्याजवळ एक साधं दुःख होतं. देवाने नेली. मी ते काढून घेतलं आणि त्या जागी एक बाटली ठेवली.

भूपाल कंपाउंडर त्या थंडीत गेला. शांतपणे गेला, असं कळलं. महिन्याभराने माझ्या नावाने बुटांचा एक खोका आला. आत पट्ट्या होत्या. वर्तमानपत्राच्या, कॅलेंडरच्या, लग्नपत्रिकांच्या, नीट दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येकीला सहा खाचा. त्रिशलाक्काने फोनवर सांगितलं, आण्णा म्हणायचे, मास्तरांना लागतील.

लागल्या.

हो — मी त्या वापरल्या. माझ्या पट्ट्या ओबडधोबड, त्याच्या रेखीव. मी त्या दुपारी खोल्यांमध्ये जाऊन उशांखाली ठेवत राहिलो, एकेक. पाहुणे म्हणायचे, बघा ना सर, किती जुन्या दिसतात, अगदी खऱ्या. मी मान हलवायचो. गेल्या उन्हाळ्यात खोका रिकामा झाला. मी तो उलटा करून झटकला, तळाशी दोऱ्याचा एक तुकडा होता.

या श्रावणात बाळंतिणींच्या वॉर्डातल्या तिसऱ्या स्वीटमधली एक बाई सकाळी हसत माझ्याकडे आली. म्हणाली, तुमची चिठ्ठी मिळाली हं. आणि माझ्या हातावर पट्टी ठेवली. सहा खाचा, एकसारख्या. आदल्या दिवशी मी कुठल्याच खोलीत गेलो नव्हतो. ठेवायला माझ्याकडे काही नव्हतंच. एखादी गादीच्या घडीत राहिली असेल, मी स्वतःला म्हटलं. असेल. पण मी ती उलटी केली तेव्हा मागची खळ ओली होती. माझ्या बोटाला चिकटली.

ती पट्टी माझ्या पाकिटात आहे. मी ती कुणाला दाखवलेली नाही.

बाहेर धुकं उतरलंय. खुर्च्या मांडून झाल्या, सचिनने दोरी बांधली, आदित्य घड्याळ दाखवून गेला. आज पुण्याचे दोन मोठे ग्रुप आहेत. कात्री मी खिशात घातली आहे, लाल दप्तर काखेत आहे. दोन बाटल्यांपाशी येईन, खिडकीपाशी येईन, मग थांबेन, नेहमीसारखा, दोन क्षण. त्या दोन क्षणांत काय करता येतं, ते मला पुरतं ठाऊक आहे.

मग मी नाव घेईन.